करपट मावशीची पाटी

बेकरीवाल्या मावशीने दुकानावर नवी पाटी ठोकली, तिच्यावर स्वतःचं खरं नाव लिहून घेतलं आणि भर गर्दीत बजावलं, "आजपासून मला जो कोणी करपट मावशी म्हणेल, त्याला पाव मिळणार नाही!"

हे नाव तिला बावीस वर्षांपूर्वी चिकटलं होतं. बेकरी उघडली त्याच सकाळी भट्टीचा अंदाज चुकला आणि पावांचा कोळसा झाला. त्यानंतर तिने एक पाव करपू दिला असेल तर शपथ! पण बोलणाऱ्याच्या तोंडाला हात कोण लावणार?

आता मात्र गिऱ्हाइकांनी तोंडं शिवून घेतली. घोळ वेगळाच झाला. लांबून येणारे लोक पाटी वाचायचे, "करपट मावशीने दुकान विकलं वाटतं," म्हणायचे आणि परत फिरायचे. कोपऱ्यावर एकाने नुकतीच बेकरी थाटली होती. त्याने हे बरोबर हेरलं आणि ठसठशीत पाटी लावली, 'करपट मावशी बेकरी'.

मावशी पिठाने माखलेल्या हातांनीच तिथे धडकली. "काढ ती पाटी! नाव माझं आहे!"

"तुमचं नाव तुमच्या दुकानावर लिहिलंय की," तो गोडीत म्हणाला.

"ते आईबापांनी फुकट दिलं. हे मी कमावलंय, दोनशे पाव जाळून!"

"कोणी साक्षीदार?"

त्याच्या दुकानापुढच्या रांगेत अर्धी गिऱ्हाइकं तिचीच होती. "सांगा रे याला, मला काय म्हणता ते!"

"छे छे मावशी, आम्ही कशाला काही म्हणू?" शिंपी घाईघाईने म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. उद्याच्या पावाची काळजी सगळ्यांनाच होती.

तेवढ्यात नवरा धापा टाकत पोचला. "अहो, तुम्ही तरी बोला!"

"मी? मला घरात राहायचंय बाई."

मेल्यांनो! मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तिथल्याच स्टुलावर चढली. "ऐका सगळे! मी करपट मावशी! काल होते, आज आहे, मरेपर्यंत राहणार! ज्याला हे नाव हवंय, त्याने आधी गावभर हसं करून घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टी पेटवून दाखवावी!"

कोणीतरी टाळी वाजवली. मग अख्खी रांग तिच्यामागून तिच्या दुकानाकडे चालू लागली. कोपऱ्यावरच्याने गुपचूप पाटी उतरवली.

चार दिवसांनी नवरा तणतणत आला. "अगं, त्या चोराने आता तुझं खरं नाव लावलंय दुकानाला! जातो आणि दम देतो त्याला."

मावशीने भट्टीतून पावांचा ट्रे ओढला. "बसा खाली. लावू दे की. त्या बाईला इथे कुत्रं विचारत नाही."