सहा घागरींची लिमिट

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. जिल्ह्याची पाटी आली, पाणी मागून येतंय, असं जो तो सांगायचा. आम्ही चाकूरच्या बाजूची माणसं सोशिक. वाट बघत बसलो. तोवर टँकर यायचा आणि टँकरवाला वरून ओरडायचा, "घराला सहा घागरी, हीच लिमिट!" हा शब्द मी तिथंच शिकलो. (शाळेनं मला आणि मी शाळेला कधी त्रास दिला नाही.)

त्यात आमच्या पोरीला, सरजाला, बघायला अहमदपूरकडून पाव्हणे येणार. बायको कोंडाबाई म्हणाली, "सहा घागरीत त्यांचे पाय धुवू का स्वयंपाक करू? बघा कुठं तरी."

मी बघायला निघालो आणि महेबूब शिंप्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. महेबूब आणि आमचा शेजारी व्यंकटी तीन पत्ती खेळत होते. पैसा कुणाकडंच नव्हता. एक चिंचोका म्हणजे उद्याच्या टँकरची एक घागर.

"मला बी पत्ते वाटा," मी म्हणालो.

"पंढरीभाऊ, लिमिट हाय बरं," महेबूब म्हणाला. "मधी जितके चिंचोके, तितक्यापर्यंत लावायचे. त्याच्यावर न्हाई."

लिमिट म्हटल्यावर मला हायसं वाटलं. टँकरची लिमिट सहा असताना पाच घागरी घेऊन घरी कोण जातं? लिमिट म्हणजे तेवढं करायचंच! ते एकेक टाकायचे. माझी पाळी आली की मी सावकाश मधले मोजायचो आणि तितके लावायचो.

"बोलंना, चळंना, नुसता लावून राहिलाय," व्यंकटी कुजबुजला. "तीन एक्के असतील!"

दोघांनीही पत्ते टाकले. माझ्याकडं दुर्री, पंजी आणि सत्ती होती, एकमेकींची ओळखदेख नसलेल्या. दोन-तीन डावांत त्यांचे बहुतेक चिंचोके माझ्यापुढं.

दुसऱ्या दिवशी महेबूबची बायको आबेदा डोक्यावर घागर घेऊन आली. "मांगते तो भी देते ना, भाईसाब. सरजा काय परायी हाय? पत्ते कशाला कुटले?"

कोंडाबाईनं माझ्याकडं पाहिलं. पाव्हणे दारात होते म्हणून वाचलो.

मुलाचे वडील लिंबाजी, माझ्यासारखेच थंड. पाय धुतले, चहा झाला, सरजा पसंत पडली. देण्याघेण्याचं बोलायची दोघांनाही लाज. मग व्यंकटी म्हणाला, "जेवण होईस्तोवर एक डाव?"

पाण्याचाच डाव मांडला. मी लिंबाजींना लिमिट समजावली.

"कळलं," ते म्हणाले. "आमच्याकडं बी टँकर येतो."

झालं! मी पुरी लिमिट लावायचो, तेही पुरी लावायचे. थांबायचं कसं हे दोघांनाही माहीत नव्हतं. माझं पाणी संपलं तेव्हा पत्ते उघडले. माझ्याकडं फुटकळच, त्यांच्याकडंही फुटकळच. फक्त एक राजा जास्त.

"हुंडा नको," लिंबाजी म्हणाले, "पण डाव तो डाव." आणि भरल्या घागरी बैलगाडीत चढवू लागले.

"अहो, घागरींसकट?" कोंडाबाई कळवळली.

"मग पाणी काय ओंजळीत नेऊ, विहीणबाई?"

घागरी लग्नात परत आल्या, रिकाम्या. कोंडाबाईची तांब्याची आणि आबेदाची पितळी, दोन्हींना पोचे.

आता सरजाला नातवंडं आहेत. घरात नळ आहे. महेबूब नाही, त्याचा ओटाही नाही. डॉक्टरांनी मला चहाची लिमिट घालून दिलीय, दिवसाला दोन कप. कोंडाबाई एकच देते.

"अगं, लिमिट दोनची हाय."

"लिमिट म्हंजे तितकं प्यायलाच पायजे असं न्हाई," ती म्हणते आणि दुसरा कप माझ्यासमोर बसून, सावकाश, स्वतः पिते.