हैबतराव किल्लेदार यांचे सात वेळां उठण्याची हकीकत

श्रीगणाधीश प्रसन्न असोत आणि ऐकणारांचीं आसनें अखेरपर्यंत स्थिर राहोत. शके सोळाशें ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरीं, एका राज्यांत घडलें तें येणेंप्रमाणें.

राज्यांत एक डोंगरी किल्ला होता आणि हैबतराव तेथील किल्लेदार होते. वय छपन्न, आवाज नगाऱ्याचा, परंतु दोन वर्षें जालीं, मूत्राशय त्यांचे हुकुमांत राहिलें नाहीं. गनीम आला तर तोफ डागावी, येथें काय डागावें? रात्रीं सात वेळां उठावें आणि तटाकडे जावें आणि थेंब थेंब वाट पाहावी आणि परतावें तों पुन्हा हांक यावी. मग शय्येवरही मन ठरेना. पत्नी मैनाबाईसाहेबांजवळ जावें तों मध्येंच उठावें लागेल हें भय पोटांत बसलें, आणि भय बसलें तेथें देह काय ऐकणार? एकदां फजिती जाली, दुसऱ्यांदां जाली, मग रावांनीं आपली वळकटी उचलून सदरेवर नेली आणि कारभार वाढला ऐसें सांगितलें. बाईसाहेबांनीं आरशांत कानशिलावरचे पांढरे केस पाहिले आणि आपण नकोशा जालों ऐसें मनाशीं धरिलें. पंचवीस वर्षें स्वहस्तें विडा करून देत, तो आतां दासीचे हातीं येऊं लागला. विड्यांत वेलदोडा नाहीं हें रावांनीं ओळखलें आणि मुकाट्यानें चघळला. येवढा शूर पुरुष, बायकोपुढें चार शब्द बोलावयास धजेना. लिहितांना आम्हांस त्यांची माया येते.

पहारेकऱ्यांनीं मात्र निराळेंच मानिलें. सरकार सात सात वेळां तटावर येतात म्हणजे पहारा तपासतात, म्हणोन कोणी डुलकी घेईना, आणि ही कीर्ति महाराजांचे कानीं गेली आणि सोन्याचें कडें द्यावयाचें ठरलें. दरबारची रीत ऐसी कीं, मानकऱ्याची कीर्ति वाचून होईतों त्यानें आसन सोडूं नये. सोडिलें तर मान नाकारिला ऐसें समजून किल्ला काढून घ्यावा. त्यांत रीतीप्रमाणें वाळ्याचें सरबत दोन पेले पाजिलें, आणि चिटणीसांनीं वाचन आरंभिलें तें रावांचे पणजोबांपासून. आजोबांपर्यंत राव तग धरून होते. वडिलांचे मुंजीपाशीं त्यांस घाम फुटला आणि ते उठून उभे राहिले.

महाराज बोलिले, "हैबतराव, मान नको जाला?"

रावांनीं एकवार चिकाचे पडद्याकडे पाहिलें, तेथें बाईसाहेब बसल्या होत्या. मग म्हणाले, "मान शिरसावंद्य, महाराज. परंतु तो पहारा नव्हे. लघवी आवरत नाहीं म्हणोन उठतों. घरींही खोटें बोललों. कारभार वाढला नाहीं, आणि घरचें माणूसही नकोसें जालें नाहीं. लाज वाटली, येवढेंच. किल्ला घ्यावा, परंतु आतां जाऊं द्यावें."

पडद्याआड बांगड्या वाजल्या. महाराज साठीचे होते. त्यांनीं चिटणीसांकडे पाहिलें, वाचावयाचे उरलेल्या कागदाचे बंदांकडे पाहिलें, आणि हळूच बोलिले, "आम्हीही कधींचे मांडी आवळून बसलों आहों." ऐसें म्हणोन स्वतःच उठले. महाराज उठले म्हणजे दरबार उठला आणि वाचनही संपलें, म्हणोन किल्ला वांचला. आणि मागोमाग कारभारी उठले आणि सबनीस उठले आणि निम्मा दरबार एकाच दिशेनें चालता जाहला.

किल्ल्यावर येतांच बाईसाहेबांनीं वैद्यबुवांस बोलाविलें. ते म्हणाले, "वय जालें म्हणजे पुरुषाचे मूत्राशयाखालची गांठ फुगते आणि वाट दाबते. यांत लाज कसली? दोन वर्षें थांबलांत कशाला?" मग औषध दिलें आणि सांजेनंतरचें ताक बंद केलें.

वैद्यबुवा गेले आणि बाईसाहेब बोलिल्या, "तटाला भगदाड पडलें तर दोन दिवसांत बुजवितां, आणि हें मला सांगवलें नाहीं? मी उगाच केसांना दोष देत बसलें."

राव खालीं पाहून म्हणाले, "आतांही जमेल ऐसा भरंवसा नाहीं."

"न जमलें तर विडा खाऊं आणि बोलत बसूं. वळकटी आणा आधीं."

सारांश, सातांचे तीन जाले, कडें खजिन्यांत परत गेलें, पहारेकरी पूर्ववत घोरूं लागले, आणि विड्यांत वेलदोडा आला.