गावंडे सरांची खुर्ची

आमच्या दारव्ह्याच्या कॉलेजात वार्षिकांकाचं काम कुठवर आलंय, हे संपादक मंडळाला विचारू नये. अंकाचे मार्गदर्शक गावंडे सर, त्यांची खुर्ची कुठे आहे ते बघावं.

जुलैत ती मुलांच्या टेबलाला चिकटलेली असते. गणपतीनंतर दाराशी सरकते, दिवाळीनंतर व्हरांड्यात, आणि अंक छापायला जायच्या सुमारास पार कडुनिंबाखाली. प्राचार्यांनी एकदा हटकलं, तर सरांनी त्यांचीच शिकवणी घेतली.

"पोरं पायऱ्या चढतात, सर. पयलीवर 'सर म्हणतील ते खरं'. दुसरीवर 'सराले काय समजते?' तिसरीवर सोता विचार करतात. ते चढले का आपण मांगं सरकाचं."

विद्यार्थी-विकासाचं हे शास्त्र सर कुठल्याशा प्रशिक्षणातून घेऊन आले, आणि तेव्हापासून त्यांना माणसं दिसतच नाहीत, नुसत्या पायऱ्या दिसतात. मी प्राचार्यांना विचारल्याशिवाय काही करत नाही, म्हणून "मॅडम, तुमी अजून पयलीवरच!" हे ठरलेलं.

मुलांची चूक मात्र सर सांगणार नाहीत. गेल्या वर्षी अंकात एकच कविता दोनदा छापली गेली. "दिसली होती न मले," सर शांतपणे म्हणाले, "पण पोराईले दिसाले पायजे." मुलांना ते एवढंच विचारतात, "काही अडलं काय?"

यंदा संपादक रुखसार. मेकॅनिकची मुलगी, भारी जिद्दीची. ती इतकी भराभर चढली, की दसऱ्यालाच खुर्ची कडुनिंबाखाली! सर गावभर सांगत सुटले. खुर्चीचं तोंड मात्र मुलांच्या खोलीच्या खिडकीकडे. कॉलेज सुटलं तरी उठायचे नाहीत.

परवा मी घरी निघाले होते, तेवढ्यात रुखसार धावत बाहेर आली. सर अर्धे उठले, चष्मा चढवला.

"काही अडलं काय?"

"नाही सर, कायीच नाही. खुर्ची नेऊ काय? आत एक कमी पडून राह्यली."

"ने न, ने!" सरांनी ती रुमालानं पुसून दिली. "पाह्यलं मॅडम? तिसरी पायरी!"

ती गेली. सर बुंध्याला टेकून उभेच राहिले.

"चला न घरी, सर," मी म्हटलं.

"घरी कायले? बायको गेली. दोन्ही पोरं पुण्याले. रोज फोनवर इचारतो, काही अडलं काय. नाही म्हणतात."

मला फार वाईट वाटलं. अंकासाठीचा माझा लेख पर्समध्ये होता, केव्हाच पूर्ण झालेला. तो काढून मी त्यांच्यापुढे धरला.

"सर, शेवट जमत नाहीये. अडलंय."

सरांनी लेख वाचला. अगदी शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुमी पयलीवरच राहा, मॅडम."