खुशालरावांचं रिमोटवालं शटर

रिमोटवर उघडणारं गॅरेज जठारपेठेत सगळ्यात आधी आपल्याच घरी आलं, हे खुशालरावांनी अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं. गल्ली ऐकून कंटाळली होती. त्यामुळे अमरावतीचे जानराव आपल्या किशोरला घेऊन वर्षालीला पाहायला येणार म्हटल्यावर, खुशालरावांना मुलीपेक्षा शटर दाखवायचीच घाई झाली.

"गाडी उनात कावून ठेवता? आत घाला," म्हणत त्यांनी बटण दाबलं. शटर वर गेलं, जानरावांची नवी कार आत शिरली, शटर खाली आलं. सकाळीच खुशालरावांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, मोटरीची पूजा करून शटराच्या खालच्या पट्टीला झेंडूचं तोरण बांधलं होतं. नवी वस्तू घरात आली आणि तिला हळदकुंकू लागलं नाही, असं त्यांच्याकडे कधी झालं नव्हतं.

चहापोहे झाले. वर्षालीला मुलगा आवडला. स्वयंपाकघरात जाऊन तिनं आईला तसं सांगितलंही. कौशल्याबाईंनी लगेच जेवायचा आग्रह धरला, पण जानराव हात जोडून उठले.

"जेवन नको. आमी कळवतो."

मुलीच्या घरी जेवलं म्हणजे सोयरीक पक्की, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं. आधीचे पाहुणेही असेच 'कळवतो' म्हणून गेले होते आणि कुणी काही कळवलं नव्हतं. खुशालरावांचं तोंड उतरलं. निदान निरोप तरी थाटात द्यावा म्हणून त्यांनी बटण दाबलं. मोटर कण्हली, शटर मात्र जागचं हललं नाही. तोरणाची सुतळी बाजूच्या खाचेत जाऊन घट्ट बसली होती.

"हातानं नाई उघडत काय?" किशोरनं विचारलं.

"उघडते ना. साखळी हाय त्याले," खुशालराव पुटपुटले. "आतल्या बाजूनं."

मेकॅनिक परतवाड्याला गेलेला, तो संध्याकाळी येणार. नवी कार लोकाच्या घरी सोडून बसनं जायला जानराव तयार नव्हते. खुशालरावांनी खाचेत तेल सोडलं, सळई घालून पाहिली, शेवटी शटरापुढे नारळ फोडला. तिकडे वांग्याच्या भाजीला फोडणी पडली, मागोमाग भाकरीचा वास आला. जानरावांच्या पोटात गुरगुरलं. ते त्यांनी खोकून झाकलं.

"दोन घास खाऊन घ्या, भाऊ," कौशल्याबाई म्हणाल्या.

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निमूट ताटावर बसले. जानरावांनी तर भाजी दोनदा मागून घेतली.

हात धुता धुता ते म्हणाले, "पक्कं समजा. पन खुशालराव, गाडी कोंडून जेवाले घालनारा सोयरा म्या आजच पाह्यला."

"देवाशप्पथ, ते शटरच अडकलं."

"राहू द्या आता. आवडलं आपल्याले."

खुशालरावांनी गल्लीतही शपथा घेतल्या, कुणाला पटल्या नाहीत. दुरुस्त झालेलं शटर आता सरसर चालतं, पण ते पाहायला कुणी फिरकत नाही. एकदा मात्र मागच्या गल्लीतले देवानंदभाऊ मेकॅनिकचा नंबर मागायला आले. त्यांच्या घरात लग्नाच्या दोन मुली. खुशालराव खुलले. त्यांनी हौसेनं रिमोट काढला आणि शटर वर-खाली करून दाखवलं.

"हे उघडनारं नको, भाऊ," देवानंदभाऊ म्हणाले. "पाव्हने आले का अडकते, तसं पायजे."