एवेलियोच्या गाडीचा लाल रंग

"सोळा जुलैला माझी गाडी बघाल ना, तर हातातला शिक्का कागदावर मारायचा की कपाळावर, हेच विसराल!"

नोटरीच्या कचेरीत सकाळच्या काळ्या कॉफीच्या वेळी एवेलियो ओस्पिनाने ही घोषणा केली, तेव्हा चौघांपैकी तिघांनी माना वर केल्या आणि चौथीने चक्क फोन ठेवला. कारण एवेलियो हा घोषणा करणाऱ्यांतला माणूसच नव्हता. एकोणीस वर्षं तो त्या खुर्चीत बसून लोकांचे कागद तपासत होता. नावातलं एक अक्षर जरी इकडचं तिकडे दिसलं, की मेलेला उंदीर उचलावा तसा तो कागद दोन बोटांत धरायचा आणि परत करायचा. "नियम म्हणजे नियम," एवढंच बोलायचा. त्याने एकदाही परत न पाठवलेला माणूस सान फेर्मीन गावात शोधायचा, तर थेट दफनभूमीतच जावं लागलं असतं. आणि तिथेही दोघेतिघे कागद अपुरे म्हणून उशिराच पोचलेले!

तर या एवेलियोकडे एक मोटरसायकल होती. अडीचशे सीसीची, शर्यतीच्या गाडीच्या तोंडवळ्याची, नाकापासून शेपटीपर्यंत लालभडक प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळलेली. घेतली तेव्हा तो पस्तिशीत होता आणि त्याला कंबर नावाचा अवयव आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी पाठ आणि पोट या दोघांनी एकदमच बंड पुकारलं होतं. त्या गाडीचं हँडल इतकं खाली, की धरायला वाकलं म्हणजे पोट टाकीवर, हनुवटी मीटरवर, आणि सिग्नल बघायला मान वर केली की मानेत पापड मोडल्यासारखा आवाज! दुसरा कोणी असता तर त्याने गाडी विकून स्कूटर घेतली असती. एवेलियोने मात्र फोनवर लागोपाठ चाळीस व्हिडिओ बघितले आणि बायकोला सांगितलं, "लुस दारी, मी स्ट्रीटफायटर करणार."

"कोणाशी?" लुस दारीने मक्याच्या भाकऱ्या उलटता उलटता विचारलं. "मारामारी तुम्हाला झेपायची नाही हो."

"अगं, गाडीचा! तिचे सगळे कपडे उतरवायचे, हाडं-स्नायू दिसले पाहिजेत. रुंद, सरळ हँडल लावायचं, म्हणजे माणूस ताठ बसतो. शेपूट छाटायचं. टाकी काळी करायची. बघणाऱ्याला धडकीच भरली पाहिजे!"

"गाडीकडे बघून की तुमच्याकडे?"

कार्मेनमाउलीचा सोळा जुलैचा सण तीन आठवड्यांवर आला होता. ही माउली म्हणजे मरिया, सगळ्या वाहन चालवणाऱ्यांची पाठराखीण. त्या दिवशी गावातलं चाक असलेलं यच्चयावत वाहन फुगे लावून, भोंगे वाजवत तिच्या मिरवणुकीत निघतं. त्या मिरवणुकीत मोटरसायकलींच्या पहिल्या रांगेत ताठ बसून जायचं, हे एवेलियोने पक्कं केलं होतं.

आता मेहुण्याविषयी सांगायला हवं. लुस दारीचा धाकटा भाऊ विल्मार फ्रिज दुरुस्त करायचा. त्याच्याकडे एक ग्राइंडर होता, आणि शंका नावाची गोष्ट अजिबात नव्हती.

"तीन रविवार, दाजी!" विल्मारने मागच्या अंगणात बाह्या सरसावल्या. "मोटरसायकल काय आणि फ्रिज काय, आत सगळं सारखंच असतं."

पहिल्या रविवारी कपडे उतरवले. लाल प्लॅस्टिकचे अकरा तुकडे भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांतून निघालेले सहा स्क्रू कशाचे, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"या पसाऱ्याचं काय करू?" लुस दारीने विचारलं.

"भंगार आहे ते! तुला हवं ते कर," एवेलियो उदारपणे म्हणाला. पाद्रे आनिबाल दोन आठवडे मिरवणुकीच्या रथासाठी काहीबाही सामान मागत हिंडत होते. लुस दारीने त्यांना फोन करून सांगितलं, "येऊन घेऊन जा." संध्याकाळपर्यंत अंगण मोकळं झालं आणि एवेलियोने बायकोच्या कर्तबगारीचं तोंड भरून कौतुकही केलं.

दुसऱ्या रविवारी शेपूट.

"किती कापू?" ग्राइंडर सुरू करून विल्मार ओरडला.

"थोडंसं!"

विल्मारचं थोडंसं काय असतं हे ठिणग्या विझल्यावर दिसलं. मागे सीट म्हणून जे उरलं होतं, ते चहाबरोबर खायच्या बिस्किटाएवढं. त्यावर एवेलियो एकटा, तोही श्वास आत ओढून, मावत होता. तेवढ्यात लुस दारी ताट घेऊन अंगणात आली. तिने गाडीकडे बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

"आणि मी कुठे बसायचं?"

विल्मारने घाईघाईने पाने शोधायला घेतले. एवेलियोच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि सतराही वर्षं मिरवणुकीत, आधीच्या गाडीवरही, लुस दारी त्याच्या मागे बसायची. एक हात त्याच्या कमरेला, दुसऱ्या हाताने पाकळ्या उधळत. चाळीस व्हिडिओ बघताना हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"आपण एक छोटी..." त्याने सुरुवात केली.

"राहू दे. रथावर जागा आहे. फुलांचं काम माझ्याकडेच दिलंय पाद्रेंनी," ती म्हणाली आणि ताट त्याच्या हातात न देता पायरीवर ठेवून आत गेली. एवेलियोने छाटलेला तुकडा उचलून पुन्हा जागेवर लावून बघितला. पण कापलेलं लोखंड काही परत उगवत नाही.

तिसऱ्या रविवारी हँडल आलं. काय हँडल होतं! बैलाच्या शिंगांसारखं रुंद! एवेलियो त्यावर बसला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला समोरचा रस्ता मान न मोडता दिसला. डोळे भरून आले त्याचे. मग त्याने हँडल डावीकडे वळवलं, आणि गाडी आपली आपण किंचाळायला लागली.

"काय झालं रे?"

विल्मार वाकून बघू लागला. "काही नाही, दाजी. हँडल वर गेलं, पण अॅक्सिलरेटरची केबल जुनीच आहे. आखूड पडते. डावीकडे वळवलं की ताणली जाते आणि इंजिनाला वाटतं, तुम्हीच पिळताय."

"मग?"

"मग डावीकडे वळू नका!"

लांब केबल पेरेरा शहरातून यायची होती. तोवर आठवडाभर एवेलियो फक्त उजवीकडे वळत कचेरीत गेला. पाच मिनिटांची वाट पंचवीस मिनिटांची झाली. बेकरीवरून तीनदा, चर्चवरून दोनदा. लोकांना वाटलं, गडी गाडी मिरवतोय! पोरी हात हलवायला लागल्या. एवेलियोने काळा चष्मा घेतला.

सोळा जुलै उजाडला. केबल काही आली नाही. तरी एवेलियो फुगे बांधून पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला. मागे टॅक्स्या, जीपगाड्या, बसगाड्या, दुधाचा टँकर, झाडून सगळं गाव. आणि सर्वांत पुढे ट्रकवर माउलीचा रथ. लुस दारी कुठेतरी फुलांच्या ढिगाआड होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

बँकेच्या कोपऱ्यावर मिरवणूक डावीकडे वळते. वळतेच! गेली साठ वर्षं वळते. हे एवेलियोला माहीत नव्हतं असं नाही. हळूच वळवू, क्लच दाबून धरू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. कोपऱ्यावर रथ थांबला. पाद्रेंनी माइक घेतला. भोंगे बंद झाले. चौकात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि पाद्रेंनी सुरुवात केली, "नमो मरिया, कृपापूर्..."

मागच्या मोटरसायकलने एवेलियोला जरासं ढोसलं. हँडल डावीकडे गेलं.

जो काही आवाज निघाला! शेपटीबरोबर छाटलेल्या सायलेन्सरमधून शंभर डुकरं एकदम बाहेर पडल्यासारखा! कबुतरं उडाली. टँकरमधलं दूध हिंदकळलं म्हणतात. पाद्रे माइकवरच ओरडले, "कोण आहे रे तो सैतान?"

मोटरसायकली बाजूला झाल्या आणि वाटेतून पोलीस सार्जंट आगुदेलो चालत आला. याच आगुदेलोच्या घराचे कागद एवेलियोने एप्रिलमध्ये तीनदा परत पाठवले होते. आईच्या आडनावात एक अक्षर चुकलं म्हणून!

"कागद," आगुदेलो गोड आवाजात म्हणाला. त्याने गाडीच्या नोंदणीचं कार्ड घेतलं आणि सावकाश, प्रत्येक अक्षर चघळत वाचलं. गाडीला एक प्रदक्षिणा घातली. मग आणखी एक. "इथे लिहिलंय, रंग लाल."

"हो."

"गाडी काळी आहे."

"हो, म्हणजे... लाल प्लॅस्टिक काढलं मी."

"कुठे आहे ते लाल?"

एवेलियोने मदतीसाठी इकडे तिकडे बघितलं, आणि त्याची नजर रथावर गेली. माउली उंचावर उभी होती. तिच्या पायाशी, स्वर्गात जाण्याआधी पापं जाळायच्या शुद्धिस्थानातले आत्मे आगीत हात वर करून होरपळत होते. आणि त्या आगीच्या ज्वाळा... अकरा ज्वाळा होत्या. लालभडक, वळणदार, टोकदार! मधल्या ज्वाळेवर अडीचशेचा आकडा अजून स्पष्ट दिसत होता.

"तिथे," त्याने बोट दाखवलं.

"कुठे?"

"शुद्धिस्थानात."

आगुदेलोने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "एवेलियोसाहेब, तुमच्या गाडीचा रंग शुद्धिस्थानात आहे, असं मी अहवालात लिहू?"

"पाद्रे!" एवेलियो केविलवाणा ओरडला. "ती आग माझी आहे! दोन तुकडे द्या नुसते!"

"मिरवणूक संपेपर्यंत आग हलायची नाही!" माइकवरून उत्तर आलं. साऱ्या चौकाने ऐकलं. "आत्मे अजून आत आहेत!"

"मग गाडी जप्त," आगुदेलो म्हणाला. "नियम म्हणजे नियम." हे वाक्य उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावर जे सुख होतं, ते त्याच्या लग्नाच्या फोटोतही नसेल. पण जप्त गाडी उचलून न्यायचा ट्रकही फुगे लावून मिरवणुकीतच उभा होता, आणि माउलीचा सण सोडून आज कोणाचं धूडही उचलणार नाही, असं त्याच्या चालकाने साफ सांगितलं.

मागे भोंगे पुन्हा सुरू झाले. साठ वर्षांत पहिल्यांदा मिरवणूक तुंबली होती!

तेव्हा फुलांच्या ढिगातून एक डोकं वर आलं. "सार्जंट," लुस दारी म्हणाली, "गाडी वर चढवा. इथेच लाल आहे. गाडी आणि तिचा रंग एका जागी आले म्हणजे तुमचा कागद बरोबर की नाही?"

आगुदेलोने विचार केला. नियमात याविरुद्ध काही सापडेना. सहा टॅक्सीवाल्यांनी स्ट्रीटफायटर उचलला आणि आगीच्या शेजारी नेऊन ठेवला. स्टँड विल्मारने कापून टाकला होता, म्हणून गाडी धरून उभं राहायला एवेलियोही चढला. रथ हलला. लुस दारी बिस्किटाएवढ्या सीटला टेकून उभी राहिली. एक हात त्याच्या कमरेला, आणि दुसऱ्या हाताने ती पाकळ्या उधळू लागली.

"चुकलंच माझं," तो पुटपुटला.

"समोर बघा. हात हलवा," ती म्हणाली.

बाजारपेठेच्या तोंडाशी गर्दीतून एक रडका आवाज आला. लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या म्हाताऱ्या एल्वियाबाई दोन्ही हात जोडून उभ्या होत्या. "बघा, बघा हो! काय दशा झालीय गाडीची! कातडं सोलल्यासारखी सोललीय! मागचा भाग तर उरलाच नाही! आणि माणसाला साधं खरचटलंही नाही! माउली, काय गं तुझी लीला!"

शेजारच्यांनी क्रुसाची खूण केली. टोप्या उतरल्या. टाळ्या सुरू झाल्या आणि रथाबरोबर रस्ताभर पुढे सरकत गेल्या. कोणीतरी स्ट्रीटफायटरच्या रुंद हँडलला जपमाळ अडकवली. तीन आठवड्यांची मेहनत आहे ही, चाळीस व्हिडिओ बघितलेत, असं सांगायला एवेलियोने तोंड उघडलं. लुस दारीने त्याच्या कमरेला असा चिमटा काढला, की ते तसंच मिटलं.

एल्वियाबाई डोळे पुसत ट्रकच्या बाजूने चालत होत्या. "लेकरा, कशाने धडक दिली रे? ट्रकने की बसने?"

एवेलियोने गर्दीकडे बघितलं. फुटपाथवर विल्मार सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होता.

"मेहुण्याने," एवेलियो म्हणाला.

"अरे देवा! आणि तो? तो वाचला का रे?"

"अजून तरी," एवेलियो म्हणाला.