भिवरा अस्वलिणीची काबर्ने

एका जंगलात, मुलांनो, प्राण्यांना तहान लागली की ते ओढ्यावर जाऊन पाणी पीत असत. इतके ते मागासलेले होते. तुम्ही अजून लहान आहात, तेव्हा वाइन पिऊ नका. गोष्ट ऐकायला हरकत नाही.

त्या जंगलात भिवरा नावाची अस्वलीण राहायची. डोंगराच्या उतारावर तिने काळ्या द्राक्षांचे वेल लावले होते. जात काबर्ने सोव्हिन्याँ. एवढं लांबलचक नाव हाक मारायला जड, म्हणून ती नुसतं काबर्ने म्हणायची. मणी बारीक, साल जाड, बी मोठी. तोंडात टाकलं तर जीभ कोरडी पडायची. पण दम त्या सालीतच आहे, हे भिवराने ओळखलं होतं. सात वर्षं तिने छाटणी केली, द्राक्षं तुडवली, रस सालीसकट आंबवला आणि लाकडी पिंपात मुरत ठेवला.

पहिला वाडगा तिने शेजारच्या म्हाळसा साळूला दिला.

"तुरट हाय गं, आवळ्यावानी," म्हाळसा म्हणाली.

"दम धर. अजून एक घोट घे."

म्हाळसाने घेतला. तिचे काटे हळूहळू खाली बसले. "आता जांभळावानी लागतंय. अन् मागनं गोडसर." तिने वाडगा पुढे केला. "अजून दे."

झाली काबर्नेची ओळख. गोष्ट खरं तर इथेच संपायची. पण जंगलात रसिक मंडळ स्थापन झालं.

मंडळात गवा, हरीण, माकड, तरस असे सोळा प्रतिष्ठित प्राणी होते. भिवराच्या उतारावरून तळं छान दिसायचं, म्हणून त्यांना तिथे बसायला हिरवळ करायची होती. त्यांनी वनराज सिंहाकडे अर्ज केला. भिवराच्या वाइनची परीक्षा घ्यावी. पास झाली तर उतार तिचा, नापास झाली तर मंडळाचा. वनराजांनी अर्ज न वाचता मंजूर केला.

परीक्षेच्या तयारीसाठी मंडळाने विहंगराव करकोच्याचा वर्ग लावला. विहंगराव दर हिवाळ्यात परदेशातून येत. तिथली थंडी सोसवत नाही म्हणून येत, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

"पेला नेहमी दांडीला धरायचा," विहंगराव म्हणाले. गव्याच्या खुरात तीन पेले फुटले.

"आता गोल फिरवा. नाक आत घाला. काय येतंय?"

कुणाला काहीच सांगता येईना.

"ब्लॅककरंट येतंय. देवदाराचं लाकूड येतंय. आणि मागून जुनं चामडं."

ब्लॅककरंट हे परदेशी फळ कुणीच पाहिलं नव्हतं, तरी त्याचा वास सगळ्यांना आला. 'चामडं' म्हणताना हरणाला घाम फुटला, पण त्यानेही म्हटलं.

"मला जांभूळ वाटलं," माकड म्हणालं.

विहंगरावांनी डोळे मिटून घेतले. "काबर्नेत जांभूळ नसतं."

माकड जांभळाच्या झाडावर राहायचं. संध्याकाळपर्यंत त्याने घर बदललं.

"आता शेवटचा नियम," विहंगराव म्हणाले. "गिळायचं नाही. जाणकार चव घेतो आणि थुंकतो." त्यांनी मधोमध रुंद तोंडाचं एक तांब्याचं भांडं ठेवलं. सोळा जण आठवडाभर नीट थुंकायला शिकले.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून भिवराच्या पोटात अन्न नव्हतं. "उतार गेला तर मी कुठं जाऊ?" ती म्हाळसाला म्हणाली. म्हाळसा काटे मिटून तिच्या शेजारी उभी राहिली.

सोळा जणांनी पेले फिरवले, वास घेतला, 'ब्लॅककरंट, चामडं' असं पुटपुटले, चुळा भरल्या, भांड्यात थुंकले. पुन्हा भरल्या, पुन्हा थुंकले. वाइन चांगली की वाईट, हे मात्र कुणी बोलेना. वनराजांच्या आधी मत द्यायचं नाही, अशी त्या जंगलाची रीत होती.

वनराज उशिरा आले. त्यांनी पेल्यात तोंड घालून पाहिलं. नाकसुद्धा मावेना. त्यांनी चिडून इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्या तोंडाला पुरेल असं एकच भांडं तिथे होतं, आणि ते काठोकाठ भरलेलं होतं. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी ते लपालपा पिऊन टाकलं.

"वा," मिशा चाटत वनराज म्हणाले. "काय भरदार आहे. हिच्यात अख्खं जंगल आहे. पास."

सोळा जण जमिनीकडे बघू लागले. उतार वाचला होता. भिवराने फक्त गप्प राहायचं होतं. म्हाळसाने तिला एक काटा टोचूनही पाहिला.

पण सात वर्षांची मेहनत होती हो. भिवराला राहवेना.

"म्हाराज, ती माझी वाइन नव्हं. ती ह्यांची थुंकी हाय. माझी ही बघा." तिने भरलेला वाडगा पुढे केला.

हरीण बेशुद्ध पडलं. वनराजांनी वाडगा रिकामा केला.

"हिच्यात काहीतरी कमी आहे," ते म्हणाले.

"संस्कार, महाराज," विहंगराव पटकन म्हणाले. "पहिल्या वाइनवर सोळा जाणकारांचे संस्कार झाले होते."

वनराजांना ते पटलं. पटलं नसतं तर आपण काय प्यायलो, हा प्रश्न उभा राहिला असता. निकाल लागला. उतार भिवराचाच राहील. मात्र तिचं प्रत्येक पिंप आधी मंडळाकडे जाईल आणि मग तांब्याच्या भांड्यातून दरबारात येईल.

भिवराला रडूच आलं. तरी तिने एक पिंप गुहेमागे पाल्याखाली लपवून ठेवलं. दिवस कलताना तिने म्हाळसाला हाक मारली आणि तोच जुना वाडगा भरून तिच्या हातात दिला.

"घे. कशी हाय सांग."

म्हाळसाने वाडगा गोल फिरवला. नाक आत घातलं. डोळे मिटले.

"चामडं येतंय," ती म्हणाली, आणि एक घोट तोंडात घोळवून वेलाच्या बुंध्याशी हळूच थुंकली.

तात्पर्य: मुलांनो, चांगली वाइन ओळखायची असेल तर ती आपण गिळू नये. आधी मोठ्यांना गिळू द्यावी. त्यांनी मिशा चाटल्या की आपल्याला ब्लॅककरंट लागलं असं सांगावं. जांभूळ लागलं तर कुणाला बोलू नये.