फोन केल्याचा पुरावा

माझ्या हातून कुणाचं आमंत्रण राहिलं असं होणं शक्य नाही, हे मी परवा सकाळपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. खुशीचं, म्हणजे माझ्या पोरीचं लग्न आठवड्यावर आलेलं. भाजीच्या अडत्यापासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांना मी जातीनं फोन केले होते. आणि परवा तेल्हाऱ्याहून माझ्या बहिणीचा, चंदाचा फोन आला. रडतच होती.

"दादा, हे म्हणून राहिले का आपल्याले बलावणं नाई आलं. बलावणं नसन तं मी जात नाई अन् तुले बी जाऊ देत नाई."

'हे' म्हणजे आमचे जवाई, जानराव. आमच्याकडे मांडवाची मेढ जवायानं रोवायची असते. ते आले नाहीत तर मेढ रोवणार कोण? आणि खुशीची एकुलती एक आत्या लग्नात नाही, हे माझ्याच्यानं बघवलं नसतं. पण मला आधी आला तो राग. कारण मी फोन केला होता. पालकाच्या वाफ्यात उभं राहून केला होता, चांगलं आठवत होतं.

"अजी, आणखी एकडाव फोन करा अन् बलवा," बायको म्हणाली. "तुमचं काय जाते?"

"काहून? म्या केला ना! आता कागदच काढतो. कंपनीत सारी नोंद राह्यते, मंजुषा."

मला बसवेना. चहा तसाच टाकून मी अमरावतीतलं मोबाइल कंपनीचं दुकान गाठलं. काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"काका, प्रीपेडचं बी रेकॉर्ड भेटते. पण हे सिम तुमच्या नावावर नाई. जानराव म्हणून कोणी हायत, तेल्हाऱ्याचे."

तेव्हा आठवलं. अकोल्याच्या बसस्टँडसमोर छत्रीखाली सिम फुकट वाटत होते. माझं आधार कार्ड घरी राहिलेलं, जवायांचं खिशात होतं. "घ्या माह्या नावावर," असं मोठ्या मनानं म्हणाले होते बिचारे.

"त्यायले सोता या लागन," मुलगी म्हणाली. "आधार अन् आंगठा पाह्यजे."

म्हणजे जवायाला खोटं पाडायला जवायाचाच अंगठा! मी तिथूनच फोन लावला. "जवाईबुवा, उद्या अमरावतीले येता का? आधार कार्ड घेऊन या."

पलीकडून एकदम मऊ आवाज आला. "येतो ना भाऊ. तुमी म्हटल्यावर येतोच."

दुसऱ्या दिवशी जानराव एसटीतून उतरले ते कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि नवी कोरी टोपी घालून. हातातल्या पिशवीतून जरीचा काठ डोकावत होता. नुसत्या अंगठ्यासाठी हा माणूस एवढा का नटला, मला कळेना.

"चाला, कुठी बसून बोलू," ते म्हणाले.

"बसाले टाइम नाई. तिथी लाइन लागते."

ऑटोत त्यांनी विचारलं, "आणखी काई म्हणाचं हाय का?"

"नाई. आंगठा देला का झालं."

दुकानात सर्व्हर बंद. मी दारापासून काउंटरपर्यंत येरझाऱ्या घालत होतो आणि जवाई पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांना समोसा खाऊ घातला. पानही दिलं. पाहुणचारात कसूर नको.

"वैनी बऱ्या हायत? घरी गडबड असन," ते म्हणाले.

"हाय तं. मांडवाचं पाहा, आचाऱ्याचं पाहा. लय कामं पडले."

त्यांनी घसा खाकरला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी काउंटरकडे पाहत राहिलो.

शेवटी अंगठा लागला, कागद निघाला. मी त्यावर बोट ठेवलं. "पाहा. हा तुमचा नंबर. हा माहा फोन. आता बोला."

जानरावांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "फोन आला नाई असं म्या कवा म्हटलं, भाऊ? फोन आलता. फवारणीचा पंप कोठून घेतला ते तुमी इचारलं अन् ठेवून देला. लग्नाचं काईच नाई बोलले."

पण मी हार मानणारा माणूस नाही. मी मुलीकडे वळलो. "बाई, बोलणं काय झालं ते नाई निंघत का यातून?"

"नाई काका. नंबर अन् टाइम, बस."

"मोठ्या ऑफिसात निंघन?"

जानराव उठले. टोपी सारखी केली. "तेल्हाऱ्याची गाडी हाय. निंघू का मंग मी?"

"हो, निंघा निंघा. नाईतं गाडी चुकन." मी मोठ्या ऑफिसचा पत्ता विचारून घेण्यात गुंतलो होतो.

घरी येऊन मंजुषाला सगळं रंगवून सांगितलं, कागद पुढे केला. तिनं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"दिवसभर जवाई तुमच्या बाजूले होते?"

"हो तं."

"मंग लग्नाले बलावलं का त्यायले?"

हे सगळं मी तुम्हाला तेल्हाऱ्याच्या एसटीत बसून सांगतोय. खिशात कुंकवाची पुडी आहे, मांडीवर नारळ आहे. फोन मंजुषानं घरी ठेवून घेतलाय.